बॉल मिलमध्ये कार्बाइडची पावडर बारीक होणे थांबते तेव्हा : तास वाढवण्यापूर्वी काय तपासावे

प्लॅनेटरी बॉल मिलमध्ये (जार वेगाने फिरवून आतल्या गोळ्यांच्या आघाताने पावडर दळणाऱ्या यंत्रात) टंगस्टन कार्बाइड किंवा टायटॅनियम कार्बाइड दळून नॅनोरचना तयार करू पाहणारे विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरचे असोत की नांदेडचे, त्यांची तक्रार जवळपास सारखीच असते. पहिल्या काही तासांत एक्सआरडी आलेखातील (क्ष-किरण विवर्तनाच्या, ज्यात शिखराची जागा कोनाच्या अंशांत सांगतात) शिखरे रुंद होतात आणि मग त्यांची रुंदी जागची हलत नाही, ४४.७ अंशांच्या आसपास एक आगंतुक शिखर डोके वर काढते. पावडर चुंबकाला चिकटू लागते. आणि एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) नॅनोकणांऐवजी मायक्रॉनभर आकाराचे पुंजके दिसतात. यावर बहुतेक जण मिल आणखी वीस तास चालवतात. त्यानंतर मूळ शिखरांची रुंदी तेवढीच राहते आणि आगंतुक शिखर तेवढे आणखी उंच झालेले असते.

याचे कारण कठीणपणाच्या आकड्यांत दडलेले आहे. टंगस्टन कार्बाइडचा विकर्स कठीणपणा (हिऱ्याचे टोक दाबून मोजलेला) सुमारे २२०० आणि टायटॅनियम कार्बाइडचा सुमारे ३००० असतो. बेअरिंगच्या एन-३१ पोलादी गोळीचा तो ८०० च्या आसपास, झिर्कोनियाच्या गोळीचा सुमारे १२५० आणि सहा टक्के कोबाल्ट असलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या गोळीचा साधारण १५०० ते १६०० असतो. म्हणजे नेहमी मिळणारी कोणतीही गोळी जारमधल्या पावडरीपेक्षा मऊच आहे. कार्बाइड ठिसूळ असल्यामुळे गोळीच्या आघाताने ते फुटते हे खरे, परंतु त्याच वेळी ते गोळीला घासतही असते. कण बारीक होत जातात तसतसे त्यांना फोडणे अवघड होत जाते; घासणे मात्र पूर्वीच्याच गतीने चालू राहते. त्यामुळे एका टप्प्यानंतर वाढवलेला प्रत्येक तास कार्बाइड बारीक करण्यापेक्षा गोळ्या आणि जार झिजवण्यातच अधिक खर्च होतो. भेसळ पूर्णपणे टाळता येत नाही. कोणती भेसळ आपल्याला चालेल, मोजता येईल आणि नंतर काढता येईल, एवढेच दळण सुरू करण्यापूर्वी ठरवता येते. तास हा घटक माझ्या मते सर्वांत शेवटी हात लावण्याचा आहे.

दळणाविषयी जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, त्यातला पुष्कळसा भाग मऊ धातूंच्या अनुभवावरून आलेला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. १९६० च्या दशकात इन्को कंपनीत जॉन बेंजामिन यांनी निकेलच्या मिश्रधातूत ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळण्यासाठी उच्च ऊर्जेच्या बॉल मिलचा वापर सुरू केला. त्या प्रक्रियेत धातूचे कण चपटे होतात, एकमेकांना जोडले जातात आणि पुन्हा तुटतात. असे जोडले जाणे आवाक्यात ठेवण्यासाठी स्टिअरिक आम्लासारखे पदार्थ घालण्याची प्रथा पडली. कार्बाइड चपटे होत नाही, फुटते. त्याचे कण एकत्र येतात ते ताज्या फुटलेल्या पृष्ठभागांच्या परस्पर आकर्षणामुळे. धातूंसाठीची कृती कार्बाइडला तशीच लावली की काय बिघडते, ते पुढे येईलच.

गोळ्यांचे वजन

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी म्हणजे प्रत्येक दळणाच्या आधी आणि नंतर गोळ्यांचे एकत्रित वजन घेणे. गोळ्या इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवाव्यात, ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवाव्यात, डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्याव्यात आणि मग किमान एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर ठेवाव्यात. समजा, १० ग्रॅम टायटॅनियम कार्बाइड १०० ग्रॅम पोलादी गोळ्यांबरोबर दळले आणि गोळ्यांचे वजन ०.२५ ग्रॅमने घटले, तर पावडरीत केवळ गोळ्यांमुळे सुमारे अडीच टक्के लोह मिसळले आहे. जारची झीज यात धरलेली नाही. जार जड असल्यामुळे सूक्ष्म तराजूवर बसत नाही, पण त्याच्या आतल्या भिंतीही त्याच पावडरीला घासल्या जात असतात. म्हणून हा आकडा किमान समजावा.

या मोजणीत एक फसगत संभवते. पावडरीचा करडा थर गोळ्यांवर घट्ट बसला तर वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसते आणि झीज झालीच नाही असा समज होतो. गोळ्या उजेडात फिरवून पाहाव्यात. मूळची चकाकी दिसत नसेल तर त्या दळणाचे वजन विश्वासार्ह धरू नये. हाच थर पुढच्या दळणात सुटून येतो. म्हणून टंगस्टन कार्बाइडसाठी वापरलेला जार टायटॅनियम कार्बाइडला वापरू नये. एकच जार असेल तर मध्ये शुद्ध क्वार्ट्झची वाळू आणि इथेनॉल घालून पंधरा-वीस मिनिटे मिल चालवावी, ती वाळू टाकून द्यावी आणि मग गोळ्यांचे नवे वजन वहीत नोंदवावे.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून लेथवर करून घेतलेला ३०४ स्टेनलेसचा जार अनेक महाविद्यालयांना परवडतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याच्या आतील पृष्ठभागावर लेथच्या हत्याराचे वळे असतात आणि ते वळे घासून सपाट होईपर्यंत झीज जास्त असते. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातले पहिले पीठ जसे घरात खात नाहीत, तसे नव्या जारमधले पहिले दळण मोजमापासाठी वापरू नये.

भेसळ ओळखताना होणारी गफलत

४४.७ अंशांवरचे शिखर दिसले की लोह, एवढे समीकरण पुरेसे नाही. तांब्याच्या के-अल्फा किरणांसाठी (एक्सआरडीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांसाठी) लोहाचे मुख्य शिखर ४४.७ अंशांवर येते, तर घनाकृती कोबाल्टचे ४४.२ अंशांवर. दळलेल्या पावडरीत दोन्ही शिखरे इतकी रुंद असतात की अर्ध्या अंशाचा हा फरक सहज झाकला जातो. जार आणि गोळ्या वेगवेगळ्या पदार्थांच्या असतील, उदाहरणार्थ पोलादी जारमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या, तर दोन्ही भेसळी एकाच उंचवट्यात लपतात. चुंबकाचा उपयोग येथे मर्यादित आहे, कारण कोबाल्टही चुंबकाला चिकटतो आणि ३०४ स्टेनलेस मूळचे चुंबकीय नसले तरी आघातांनी विकृत होताना त्याचा काही भाग मार्टेन्साइट या पोलादाच्या चुंबकीय रूपात बदलतो. निर्णय करायचा असेल तर ईडीएस (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेली मूलद्रव्ये ओळखण्याची सोय) किंवा रासायनिक चाचणी लागते. एक सूचक खूण मात्र आलेखातच असते: लोह आणि कोबाल्ट हे दोन्ही तांब्याच्या क्ष-किरणांनी स्वतः प्रकाशू लागतात, त्यामुळे सबंध आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते. शिखर अजून दिसत नसताना पार्श्वभूमी वाढत असेल तर झीज सुरू झाली आहे असे समजावे.

झिर्कोनियाची गोष्ट अधिक कपटी आहे. गोळीतील झिर्कोनिया चतुष्कोनी रूपात असतो आणि त्याचे मुख्य शिखर ३०.२ अंशांवर येते. पण झिजून पडलेले कण आघाताने मोनोक्लिनिक या दुसऱ्या स्फटिकरूपात जातात, ज्याची दोन मुख्य शिखरे २८.२ आणि ३१.५ अंशांवर असतात. टंगस्टन कार्बाइडचे पहिले शिखरही नेमके ३१.५ अंशांवरच आहे. त्यामुळे भेसळीचे निम्मे पुरावे मूळ पदार्थाच्या शिखराखाली गडप होतात. टंगस्टन कार्बाइडच्या प्रमाणित आलेखात ३१.५ अंशांचे शिखर ३५.६ अंशांच्या शिखराच्या निम्म्याहून थोडे कमी उंच असते. दळल्यानंतर हे प्रमाण वाढलेले दिसले, तर त्यावर कणांच्या विशिष्ट दिशेने वाढीचा सिद्धांत मांडण्यापूर्वी २८.२ अंशांवर सावकाश स्कॅन घ्यावा.

टायटॅनियम कार्बाइड टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्यांनी दळल्यास अशीच अडचण ३५.९ अंशांवर येते, कारण तेथे टायटॅनियम कार्बाइडचे शिखर आहे आणि गोळ्यांतून आलेल्या टंगस्टन कार्बाइडचे ३५.६ अंशांचे शिखर त्यात मिसळते. अशा वेळी ४८.३ अंशांकडे पाहावे. तेथे टंगस्टन कार्बाइडचे ठळक शिखर असते आणि टायटॅनियम कार्बाइडचे काहीही नसते. ही तपासणी पावडर तापवण्यापूर्वीच करावी, कारण उच्च तापमानाला टंगस्टन कार्बाइड टायटॅनियम कार्बाइडमध्ये विरघळते आणि मग वेगळे शिखर उरतच नाही.

इतके सगळे पाहता, मर्यादित निधीच्या प्रयोगशाळेसाठी पोलादी गोळ्या हीच मला सर्वांत प्रामाणिक निवड वाटते. त्यांची झीज जास्त होते, पण ती दिसते, वजनाने मोजता येते आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने बऱ्याच अंशी धुऊन काढता येते. टंगस्टन कार्बाइड आणि टायटॅनियम कार्बाइड दोन्ही थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाहीत. नायट्रिक आम्ल मात्र वापरू नये, कारण त्यात टायटॅनियम कार्बाइड विरघळते. लोह विरघळताना हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये आणि आसपास ज्योत नसताना करावे. धुणे पुरेसे झाले की नाही हे पाहण्यासाठी शेवटच्या धुवणाच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब आणि मग अमोनियम थायोसायनेट घालावे. रक्तासारखा लाल रंग आला तर लोह अजून निघते आहे. पुंजक्यांच्या आत अडकलेले लोह या आम्लापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आम्लात टाकण्यापूर्वी पावडर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये मोकळी करून घेणे फायद्याचे ठरते. बेअरिंगच्या गोळ्यांत सुमारे दीड टक्का आणि ३०४ च्या जारमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम असते, याचीही आठवण ठेवावी. चुंबकीय किंवा उत्प्रेरक गुणधर्म मोजायचे असतील तर हे आकडे लहान नाहीत.

धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड असते आणि त्याने धुतलेली पावडर वाळवली की २९.४ अंशांवर कॅल्साइटचे शिखर येऊ शकते. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असताना ऊर्ध्वपातनाचे संयंत्र बंद ठेवले जाते आणि विद्यार्थी शेवटचे एक-दोन धुणे नळाच्या पाण्यावर उरकतात. अशा आलेखावर नव्या प्रावस्थेची (वेगळ्या स्फटिकरचनेच्या पदार्थाची) चर्चा होऊ नये म्हणून हे लिहिले.

नेमका कोणता आकार मोजला?

पुष्कळ वेळा मिलमध्ये काहीच बिघडलेले नसते, मोजमापाचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. क्रिस्टलाइट, कण आणि पुंजका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिस्टलाइट म्हणजे एकसंध स्फटिकरचना असलेला सलग भाग. एका कणात असे अनेक भाग असू शकतात. आणि अनेक कण मिळून पुंजका होतो. एक्सआरडी फक्त पहिल्याविषयी सांगते. म्हणून आलेखावरून १५ नॅनोमीटर आणि एसईएममध्ये ५०० नॅनोमीटर, हे दोन्ही आकडे एकाच पावडरीसाठी एकाच वेळी खरे असू शकतात आणि दळलेल्या कार्बाइडमध्ये बहुधा तसेच असते.

त्यातही १५ हा आकडा खरा आहे का, हे पाहावे लागते. शेररचे १९१८ चे सूत्र शिखराची सगळी रुंदी लहान आकारामुळे आली असे मानते. प्रत्यक्षात रुंदीचा एक भाग उपकरणाचा असतो आणि दळलेल्या पदार्थात दुसरा, बराच मोठा, भाग स्फटिकजालकात साठलेल्या ताणाचा असतो. टंगस्टन कार्बाइडच्या ३५.६ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी ०.६० अंश आणि प्रमाणित नमुन्यावरून मिळालेली उपकरणाची रुंदी ०.१२ अंश आहे असे समजू. वर्गांची वजाबाकी करून ०.५८८ अंश, म्हणजे ०.०१०३ रेडियन उरतात आणि शेररच्या सूत्राने आकार सुमारे १४ नॅनोमीटर येतो. आता जालकात केवळ अर्धा टक्का ताण आहे असे धरले, तर त्याचा वाटा एकट्यानेच ०.००६४ रेडियन होतो. तो वजा केल्यावर आकार जवळपास ३८ नॅनोमीटर निघतो. एकाच आलेखातून १४ आणि ३८. ज्याने १४ लिहिले त्याने खोटे लिहिले असे नव्हे, पण त्याने दळणाने आलेला ताण आकाराच्या खात्यावर टाकला. १९५३ च्या विल्यमसन-हॉल पद्धतीत निरनिराळ्या कोनांवरील शिखरे एकत्र घेऊन हे दोन वाटे वेगळे काढले जातात. त्यासाठी किमान पाच-सहा स्वच्छ शिखरे लागतात आणि टंगस्टन कार्बाइडमध्ये ती ८० अंशांच्या आत मिळतात, परंतु त्यांतील भेसळीने झाकलेली शिखरे गाळावी लागतात. बिंदू सरळ रेषेवर बसत नसतील तर ताण सर्व दिशांना सारखा नाही असे समजावे आणि दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहिण्याचा मोह टाळावा.

कणाचा आकार हवा असेल तर बीईटी पृष्ठफळ (पृष्ठभागावर वायू किती बसतो त्यावरून काढलेले) हा चांगला साक्षीदार आहे. कण गोल मानल्यास नॅनोमीटरमधील सरासरी व्यास म्हणजे ६००० भागिले घनता आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार. टंगस्टन कार्बाइडची घनता दर घन सेंटिमीटरला १५.६ ग्रॅम आहे, पृष्ठफळ दर ग्रॅमला ४ चौरस मीटर आले तर व्यास सुमारे ९६ नॅनोमीटर होतो. चार हा आकडा ऐकून विद्यार्थी हिरमुसतात, कारण त्यांनी सिलिका किंवा सक्रिय कार्बनचे शेकड्यांतले आकडे पाहिलेले असतात; जड पदार्थासाठी तो मुळीच वाईट नाही. टायटॅनियम कार्बाइडची घनता ४.९ असल्याने तेवढ्याच व्यासाला तेथे साडेबारा चौरस मीटरच्या आसपास पृष्ठफळ येईल. स्टिअरिक आम्ल वापरले असेल तर बीईटीपूर्वी ते काढणे आवश्यक आहे. डीएलएसवर (द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढण्याच्या पद्धतीवर) मात्र या कामात फार विसंबू नये. त्यात प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे मूठभर पुंजके बाकी सर्वांना झाकून टाकतात, आणि टंगस्टन कार्बाइड तर मोजणी संपण्याआधीच तळाला बसू लागते.

खरोखरच बारीक होत नसेल तर

वरच्या तपासण्यांनंतरही कणांचा आकार घटत नाही असे ठरले, तर पहिला बदल गोळ्यांच्या व्यासात करावा. दहा मिलिमीटरच्या गोळीचे वस्तुमान पाच मिलिमीटरच्या गोळीच्या आठपट असते, त्यामुळे तिचा आघात मोठा असतो आणि जाडसर पावडर ती लवकर फोडते. परंतु त्याच वजनात गोळ्यांची संख्या कमी असल्याने बारीक कण दोन गोळ्यांच्या मध्ये सापडण्याचे प्रसंगही कमी होतात. म्हणून काम दोन टप्प्यांत करावे: प्रथम मोठ्या गोळ्यांनी कोरडे दळण आणि शिखरांची रुंदी स्थिरावली की दोन-तीन मिलिमीटरच्या गोळ्यांनी ओले दळण. गोळ्या आणि पावडर यांचे वजनी प्रमाण १० ला १ ठेवून आणि जारचा साधारण एक तृतीयांश भाग रिकामा सोडून सुरुवात करणे ठीक असते. त्यापलीकडे या प्रमाणाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते असे माझे मत आहे.

कोरड्या दळणात एक अवस्था अशी येते की जितके कण फुटतात तितकेच पुन्हा चिकटतात. इथेनॉल किंवा टोल्युइन घातल्याने ताजे पृष्ठभाग एकमेकांपासून दूर राहतात आणि ही कोंडी फुटते. मिश्रण ओतल्यावर सहज पडेल इतके पातळ असावे. घट्ट झाले तर गोळ्यांचा वेग मरतो. टंगस्टन कार्बाइड जड असल्यामुळे जारच्या तळाच्या कोपऱ्यात दाबून बसते आणि तेथील पावडर दळली जात नाही, म्हणून पहिल्या काही विरामांनंतर जार थंड करून, उघडून, कोपरा प्लास्टिकच्या चमच्याने मोकळा करावा. एका नमुन्याच्या आलेखात अरुंद टोक आणि रुंद पाया असे दुहेरी शिखर दिसते, ते बहुतेक वेळा याच न दळलेल्या पावडरीचे असते.

विरामांचा विषय आपल्याकडे अधिक महत्त्वाचा आहे. पंधरा मिनिटे दळण आणि पंधरा मिनिटे विराम ही रीत वातानुकूलित खोली गृहीत धरते. एप्रिल-मेमध्ये परभणी किंवा नांदेडला बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर असते आणि पंख्याच्या हवेवर जार पंधरा मिनिटांत पुरेसा थंड होत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, हे लक्षात घेता ओले दळण त्या दिवसांत रात्री घ्यावे किंवा विराम दुप्पट करावा. वीज गेल्यानंतर काही यंत्रे उरलेला वेळ विसरतात आणि पहिल्यापासून मोजू लागतात, तर काही पुन्हा सुरूच होत नाहीत. म्हणून वहीत फक्त प्रत्यक्ष फिरण्याचा वेळ लिहावा, घड्याळातला नव्हे. दोन नमुन्यांतील न उलगडणारा फरक कधी कधी एवढ्यावरून उलगडतो.

ऑक्सिजन आणि कार्बनचा हिशेब

ताजे फुटलेले कार्बाइड हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प झटकन घेते. जारमध्ये आर्गॉन भरला होता एवढे म्हणणे पुरेसे नसते; झाकणाचा ओ-रिंग कडक झाला असेल किंवा त्याच्या खाचेत पावडरीचा एक कण अडकला असेल, तर कित्येक तासांच्या फिरण्यात हवा आत येतेच. झडपेचे झाकण असलेला जार किंचित दाबाने आर्गॉन भरून पाण्याच्या बादलीत बुडवावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. पावसाळ्यात ही तपासणी प्रत्येक दळणाआधी करण्यासारखी आहे.

टायटॅनियम कार्बाइडमध्ये ऑक्सिजन कार्बनची जागा घेतो, जालक थोडे आकसते आणि शिखरे उजवीकडे सरकतात. नमुना धारकात जरा वर-खाली बसला तरीही शिखरे सरकतात, म्हणून पावडरीत थोडे शुद्ध सिलिकॉन मिसळून त्याच्या २८.४४ अंशांच्या शिखराशी तुलना करावी. टंगस्टन कार्बाइडवरचा ऑक्साइडचा थर पातळ आणि अस्फटिक असल्याने दळलेल्या पावडरीच्या आलेखात तो दिसतच नाही. तो उघडा पडतो आर्गॉनमध्ये तापवल्यावर: ऑक्साइड कार्बाइडमधला कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात निघून जातो, कार्बनची तूट पडते आणि ३९.५ अंशांच्या आसपास डायटंगस्टन कार्बाइडचे (दर कार्बनला दोन टंगस्टन असलेल्या कार्बाइडचे) शिखर येते. पावडरीत लोह किंवा कोबाल्ट शिल्लक असेल, तर त्याच तुटीतून ४२.५ अंशांच्या जवळ मुख्य शिखर असलेली ठिसूळ ईटा प्रावस्था (टंगस्टन, लोह किंवा कोबाल्ट आणि कार्बन यांचे संयुग) तयार होते. भट्टीला दोष देण्याआधी जारचा ओ-रिंग आणि आम्लाने धुण्याची नोंद तपासावी.

स्टिअरिक आम्ल याच्या उलट दिशेने गोंधळ घालते. त्याच्या वजनाचा ७६ टक्के भाग कार्बन आहे. टंगस्टन कार्बाइडमध्ये मुळात कार्बन फक्त ६.१३ टक्के असतो. दोन टक्के स्टिअरिक आम्ल घातले की पावडरीत आणखी दीड टक्का कार्बन आला. तापवताना त्यातला बराचसा वायुरूपाने जातो, पण किती राहिला हे नशिबावर सोडणे योग्य नाही. टायटॅनियम कार्बाइडमध्ये कार्बन २० टक्के असल्याने तेथे हा फरक तितका जाणवत नाही. द्रवात ओले दळण शक्य असेल तर कार्बाइडसाठी स्टिअरिक आम्ल टाळावे, असे मी सुचवीन.

कार्बन विश्लेषक जवळ नसेल तर टीजीए (तापवताना वजनात होणारा बदल मोजणारी चाचणी) उपयोगी पडते. हवेत तापवल्यावर शुद्ध टंगस्टन कार्बाइडचे ऑक्साइड होऊन वजन १८.४ टक्क्यांनी वाढते, डायटंगस्टन कार्बाइडचे २२.१ टक्क्यांनी आणि टायटॅनियम कार्बाइडचे ३३.४ टक्क्यांनी. मुक्त कार्बन जळून वजन घटते, आधीच झालेला ऑक्साइड वाढ कमी दाखवतो आणि लोह स्वतः ४३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे लोह धुऊन काढण्याआधी केलेली टीजीए दोन चुका एकमेकींत लपवू शकते. टंगस्टनचा ऑक्साइड उच्च तापमानाला उडून जाऊ लागतो, त्यामुळे ८०० अंशांवर थांबून वजन स्थिर होईपर्यंत वाट पाहावी.

धातू आणि कार्बन यांपासून कार्बाइड करताना

तयार कार्बाइड न दळता धातूची पावडर आणि ग्रॅफाइट एकत्र दळणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या आहेत. टायटॅनियम आणि कार्बन यांच्या अभिक्रियेत दर मोलला सुमारे १८४ किलोज्यूल उष्णता निघते. काही काळ काहीच घडत नाही आणि मग एका क्षणी जारमधील सगळे मिश्रण पेट घेऊन कार्बाइड होते. त्या उष्णतेने क्रिस्टलाइट पुन्हा मोठे होतात, म्हणून कार्बाइड झाल्याचे पाहून थांबू नये. नॅनो आकार त्यापुढच्या दळणातच मिळतो. या मिश्रणात द्रव घालू नये आणि मात्रा लहान ठेवावी. टंगस्टनच्या बाबतीत ही उष्णता मोलला जेमतेम ४० किलोज्यूल असल्याने असा भडका उडत नाही. तेथे ग्रॅफाइटचे २६.५ अंशांचे शिखर काही तासांत नाहीसे होते आणि अभिक्रिया पूर्ण झाली असा गैरसमज होतो; वास्तविक ग्रॅफाइट अस्फटिक झालेले असते आणि टंगस्टनशेजारी त्याचे विकिरण नगण्य असते. ४०.३ अंशांवरचे टंगस्टनचे शिखर आहे तोवर टंगस्टन शिल्लक आहे. दळून घेतलेले असे मिश्रण आर्गॉनमध्ये १००० अंशांच्या आसपास तापवून कार्बाइड करणे, हे ते मिलमध्येच पूर्ण होण्याची वाट पाहण्यापेक्षा कमी भेसळीचे काम आहे.

जार उघडताना

जार खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आणि ओल्या दळणानंतर आधी झडप हळूच सैल करून आतला दाब फ्यूम हूडमध्ये सोडावा. आर्गॉनमध्ये कोरडी दळलेली टायटॅनियम कार्बाइडची पावडर, विशेषतः तिच्यात न जुळलेले टायटॅनियम उरले असेल तर, हवेत एकदम उघडल्यास तापून पेटू शकते. झाकण किंचित सैल करून हवा टप्प्याटप्प्याने कित्येक तासांत आत जाऊ द्यावी, किंवा ग्लव्ह बॉक्समध्येच (निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत) पावडर हेक्सेनखाली घ्यावी. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या धातूच्या पावडरीवर पाणी ओतू नये. कोबाल्ट असलेल्या टंगस्टन कार्बाइडची धूळ फुप्फुसांना घातक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये तिला मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. म्हणून जार झाडूने किंवा फुंकरीने कधीही साफ करू नये. ओल्या टिश्यूने पुसावा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत आणि पुसलेला टिश्यू झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा.